उकरणाऱ्याची कैफियत

जमीन फोडण्याच्या कामी मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. माणूस विहीर खणतो, पाया खोदतो, गाळ उपसतो; घूस जमीन पोखरते; कोंबडी उकिरडा चिवडते; आणि कुत्रा उकरतो. या क्रियापदांत एक प्रतवारी दडलेली आहे, ती वर्गात शिकवताना मला नेहमी गमतीची वाटते. ‘खणणे’ म्हटले की डोळ्यांपुढे कुदळ येते, मुकादम येतो, आराखडा येतो. ‘उकरणे’ म्हटले की नुसती धूळ उडते! आमच्या घरापुढचा रस्ता गेल्या वर्षभरात तीनदा खणला गेला, एकदा पाण्याच्या नळांसाठी, एकदा तारांसाठी आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते खणणाऱ्यांनाही नीट सांगता आले नाही. पण त्याला कुणी उकरणे म्हटले नाही. आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या कुत्र्याने शेवंतीच्या वाफ्यात वीतभर खड्डा केला, तर गृहिणीने सगळी आळी डोक्यावर घेतली.

अंगण असलेली घरे आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. ज्यांना ते भाग्य लाभले आहे त्यांच्या घरी बहुधा दोन प्रकारची माणसे असतात : एक झाडे लावणारी आणि दुसरी कुत्रे पाळणारी. ही दोन्ही माणसे सज्जन असतात. तंटा होतो तो तिसऱ्याच्या पंजांमुळे.

असाच एक तंटा श्रावणात टपालाने माझ्याकडे आला. या सदरात मी मागे कधी तरी घरातल्या मांजरांविषयी लिहिले होते, त्यावरून नाशिकच्या एका वाचकांनी मला प्राणिशास्त्राचा जाणकार ठरवून टाकले. वस्तुतः मी मराठी शिकवतो. वृत्ते आणि अलंकार हा माझा प्रांत. पण आमच्या घरात गेली सोळा वर्षे एकापाठोपाठ एक कुत्री नांदत आली आहेत, आणि एक जुने स्नेही गुरांचे डॉक्टर आहेत. त्या आधारावर उत्तर द्यायचे धाडस केले.

पत्र असे होते : जुना बंगला, मागेपुढे थोडी मोकळी जागा. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी पिल्लू आणले, मोत्या. मुलगा आता सातवीत. पत्रलेखकांच्या मातोश्रींनी लावलेला मोगऱ्याचा वाफा मागच्या अंगणात आहे. मातोश्री गेल्या, त्याला अजून वर्ष झालेले नाही. मोत्या हा वाफा उकरतो. बाकीच्या अंगणाकडे ढुंकून पाहत नाही, पण मोगऱ्याच्या मुळाशी मात्र त्याचे नाक आणि पंजे सदैव हजर. दोन झुडपे वाळली. ‘‘सौभाग्यवतींनी निक्षून सांगितले आहे की दिवाळीपर्यंत वाट पाहू, नाही तर ओळखीच्या एका गृहस्थांच्या शेतावर मोत्याला सोडून येऊ. चिरंजीव माझ्याशी बोलत नाहीत. काय करावे?’’

आता ‘शेतावर सोडणे’ हा शब्दप्रयोग ऐकायला फार गोड आहे. डोळ्यांपुढे हिरवी ज्वारी, विहिरीवरचे पाणी आणि मोकळे बागडणारे कुत्रे येते. गादीवर झोपलेले, वेळेवर भाकरी मिळालेले कुत्रे दोन वर्षांनी शेतावर गेले म्हणजे त्याचे काय होते, हे जुन्नरच्या किंवा अकोल्याच्या बाजूच्या कुणाही शेतकऱ्याला विचारावे. त्या उसाच्या पट्ट्यात बिबटे राहतात, आणि कुत्रे हे बिबट्याचे आवडते खाद्य आहे. बिबट्या नसला तरी मूळची कुत्री नवख्याला वस्तीत घेत नाहीत. म्हणून मी उलट टपाली लिहिले, निर्णय दिवाळीपर्यंत राहू द्या, आणि तोवर माझ्या चार प्रश्नांची उत्तरे द्या. मोत्या कुठे उकरतो, कधी उकरतो, त्या वेळी घरात कोण असते, आणि वाफ्याला खत कोणते घालता?

हे प्रश्न माझे नव्हेत, डॉक्टरस्नेह्यांचे. त्यांचे म्हणणे असे की उकरणे हा रोगच नव्हे. ते कुत्र्याचे बोलणे आहे, आणि प्रत्येक खड्ड्याचा अर्थ निराळा. व्याकरणाच्या माणसाला हे लगेच पटले.

सगळ्यांत सोपा अर्थ उन्हाळ्याचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या पंजांच्या गाद्यांना तेवढा थोडासा येतो. बाकी सारी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. जमीन वरून तापली तरी वीतभर खाली माती गार असते हे त्याला कुठल्याही पुस्तकाविना ठाऊक असते. म्हणून चैत्र-वैशाखात भिंतीच्या सावलीत, कुंड्यांच्या मागे, पाण्याच्या नळाशी आपल्या देहाच्या मापाचा गोल खळगा करून तो त्यात पोट टेकून पडतो. असा खळगा दिसला तर त्याला सावली आणि पाणी हवे आहे एवढेच समजावे. हल्ली पुण्यामुंबईत हस्की जातीची कुत्री पाळण्याची टूम निघाली आहे. सैबेरियाच्या बर्फातला दाट लोकरीचा कोट घालून बिचारे पुण्याच्या मे महिन्यात उभे असते! त्याने अंगण उकरले तर त्याला दोष देणाऱ्याने आधी स्वतः लोकरीचे घोंगडे पांघरून दुपारी गच्चीत बसून पाहावे.

काहींच्या रक्तातच उकरणे असते. डॅशहुंड हे लांबोडके, आखूड पायांचे कुत्रे जर्मनांनी बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी घडवले. ‘डॅक्स’ म्हणजे बिज्जू आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. टेरियर या नावात तर लॅटिनमधली ‘टेरा’ म्हणजे भूमीच बसली आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने निवडून निवडून उकरणारी पिल्ले जोपासली, आणि आता तीच विद्या त्यांनी आमच्या अंगणात दाखवली तर आम्ही कपाळाला हात लावतो. संस्कृत पाठशाळेत बारा वर्षे घातलेल्या मुलाने जेवताना श्लोक म्हटला म्हणून रागावण्यासारखेच ते!

मग शिकार. आपल्याकडच्या अंगणाखाली घुशींची राज्ये असतात. जमिनीखालून येणारी त्यांची खसखस आपल्याला ऐकू येत नाही, कुत्र्याला येते. माणसाचा कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज टिपतो. कुत्र्याचा चाळीस हजारांच्याही पलीकडचा. ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ ही म्हण करणाऱ्याने उंदराला क्षुल्लक मानले, यात त्याने कुत्र्याचा विचारच घेतला नाही. कुत्र्याच्या दृष्टीने डोंगर पोखरल्यावर उंदीर निघणे यापेक्षा अधिक यशस्वी दिवस तो कोणता? अशा ठिकाणी कुत्र्याला आवरून उपयोग नाही, घुशींचा बंदोबस्त करावा. मात्र विष घालून नव्हे. घुशीसाठी ठेवलेल्या विषाने कुत्रीही मरतात, आणि विष खाऊन मेलेली घूस कुत्र्याने खाल्ली तरी धोका असतोच. बिळे दगडविटांनी बुजवावीत, खरकटे उघड्यावर टाकू नये, सापळा लावावा. शिवाय उंदीर-घुशींच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईकरांना त्याचा चांगलाच परिचय झाला. ज्याचे कुत्रे बिळे उकरते त्याने वर्षाच्या लशींमध्ये ही लस आहे ना, हे एकदा डॉक्टरांना विचारून ठेवावे.

गाभण कुत्री पिल्लांसाठी खळगा करते, भाकरीचा तुकडा उद्यासाठी पुरून ठेवणे ही लांडग्याकोल्ह्यांपासून आलेली सवय, आणि लघवीनंतर मागच्या पायांनी माती उडवणे हे उकरणे नसून आपल्या नावाची पाटी लावणे आहे. या गोष्टी वाचकांना ठाऊक असतीलच. त्यांचा उपद्रव फारसा नसतो.

सर्वांत मोठे कारण मात्र कंटाळा. सकाळी साडेआठला घरातली माणसे एकामागून एक बाहेर पडतात, आणि चार भिंतींच्या आत, दोन झाडांच्या सोबतीने, तो बुद्धिमान प्राणी संध्याकाळपर्यंत एकटा राहतो. त्याला वर्तमानपत्र वाचता येत नाही, शेजारी जाऊन गप्पा मारता येत नाहीत. आमच्या आळीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी उकरण्याला कंटाळून सगळ्या अंगणाला सिमेंटची फरशी करून घेतली. ‘‘प्रश्न मुळातून सोडवला,’’ असे ते चार दिवस सर्वांना सांगत होते. पाचव्या दिवशी कुत्र्याने दिवाणखान्यातल्या कोचाला हात घातला! अभियंत्यांना आता सकाळी सहा वाजता कुत्र्याबरोबर टेकडी चढताना पाहावे लागते, आणि त्यांचा रक्तदाब उतरला असे ऐकतो.

साखळी हा दुसरा रूढ उपाय. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचे अकरावे कलम कधी वाचायला मिळाले तर वाचावे. आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा त्यात अपराध आहेच. पण त्याशिवाय, नेहमी बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही मालकाचा अपराध मानला आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेत कुत्र्याला फिरायला नेण्याची आज्ञा लिहिणाऱ्या त्या अनाम मसुदाकाराविषयी माझ्या मनात आदर आहे.

आणि मार? संध्याकाळी दमून घरी यावे, खड्डा दिसावा, कुत्र्याला कान धरून खड्ड्यापाशी न्यावे आणि ‘‘हे कुणी केलं?’’ असे गरजावे, हा आपला घरोघरचा न्यायालयीन प्रकार आहे. कुत्रा कान पाडतो, शेपूट घालतो, नजर चुकवतो. आणि आपण म्हणतो, पाहा, गुन्हा कबूल आहे. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषींनी २००९ साली चौदा पाळीव कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊला तोंड लावू नकोस असे बजावून मालक बाहेर जाई. परत आल्यावर त्याला कधी खरे, कधी खोटे सांगत, की कुत्र्याने खाऊ खाल्ला. तो ‘अपराधी’ चेहरा खाऊ खाण्यावर मुळी अवलंबूनच नव्हता; मालक रागावला की तो दिसे. आणि काही न खाता उगाच बोलणी बसलेल्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर तर तो सर्वांत गडद उमटे! म्हणजे आपण जिला कबुली समजतो ती नुसती भीती असते. दुपारी दोनच्या खड्ड्याबद्दल संध्याकाळी सातला मारलेल्या चापटीतून कुत्रा एवढेच शिकतो, की सातला घरी येणारा माणूस भयंकर आहे.

तिखट पसरणे, डांबरगोळ्या पुरणे हे सल्लेही सर्रास दिले जातात. ज्या नाकाला जमिनीखालचा उंदीर कळतो त्यात लवंगी मिरचीची पूड जाणे म्हणजे काय होत असेल याची कल्पना करावी. आणि डांबरगोळी कुत्र्याच्या पोटात गेली तर ती विषच आहे.

विषावरून नाशिकच्या पत्राकडे वळतो. आठ दिवसांत उत्तर आले. मोत्या फक्त मोगऱ्याचा वाफा उकरतो. कोणत्याही वेळी उकरतो. घरात माणसे असली तरी उकरतो. म्हणजे ऊन नव्हे, कंटाळाही नव्हे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर वाचून मात्र मी पत्र हातात घेऊन तसाच डॉक्टरांकडे गेलो. त्यात लिहिले होते : ‘‘आई मोगऱ्याला हाडांचा चुरा आणि महिन्याला ओंजळभर एरंडीची पेंड घालायची. ती गेल्यावर तिचा तो नेम आम्ही चालू ठेवला आहे. एवढे तरी तिच्यासाठी करतो.’’

मातोश्रींच्या हयातीत मोत्या लहान होता आणि पुढच्या अंगणात असे, हेही त्याच पत्रात होते. हाडांच्या चुऱ्याचा वास म्हणजे कुत्र्याला अक्षता देऊन केलेले जेवणाचे आमंत्रण. त्याला मोगऱ्याशी काही कर्तव्य नव्हते; मोगऱ्याच्या मुळाशी दर महिन्याला कुणी तरी मेजवानी पुरून ठेवते, एवढेच त्याला कळत होते. चुरा फार खाल्ला गेला तर पोटात त्याचा घट्ट गोळा बसतो, तेही वाईटच. पण डॉक्टरांचा चेहरा पालटला तो पेंडीच्या नावाने. एरंडीच्या बियांत रायसिन नावाचे जहाल विष असते. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. आणि पुरेशी उष्णता देऊन निर्विष न केलेली पेंड खत म्हणून विकली जाते. कुत्र्यांना तिची चव आवडते. खाल्ल्यावर काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनीही, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. त्या विषावर उतारा नाही. लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब दवाखाना गाठला तरच काही आशा. डॉक्टरांनी अशी कुत्री पाहिली आहेत. ‘‘पत्र नको, आत्ताच्या आत्ता फोन लावा,’’ ते म्हणाले.

फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, की गेल्या महिन्यात मोत्याने दोन दिवस अन्न सोडले होते आणि सारखा ओकत होता. बाहेरचे काही खाल्ले असेल म्हणून त्यांनी मनावर घेतले नव्हते. ते कशाचे होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पेंडीचे पोते त्याच संध्याकाळी बंद डब्यात घालून माळ्यावर गेले, असे मागाहून कळले. वाफ्याची वरची माती काढून टाकली, चांगले कुजलेले शेणखत घातले, आणि वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरून तिच्या कडा आत वळवून बुजवल्या. जाळीतून झाड वर येते, पाणी खाली जाते, आणि कुत्र्याच्या पंजाला तारेचा स्पर्श मुळीच आवडत नाही. कडा मात्र आत वळवायलाच हव्यात, नाही तर पाय कापतो. मोगऱ्याला आता पालवी आहे. मोत्याचा निकाल, मी हे लिहीत आहे तोवर, लागलेला नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की वाफा वाचला तर पाहू. चिरंजीव निदान जेवताना ‘मीठ वाढा’ एवढे बोलू लागले आहेत.

ज्यांच्या कुत्र्याची हौसच मुळी उकरण्याची, त्यांच्यासाठी डॉक्टरांचा एक उपाय आमच्या घरी उत्तम चालला आहे. हौस मोडू नये, तिला जागा द्यावी. अंगणाच्या सावलीच्या कोपऱ्यात सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दीड-दोन फूट खोल असा हौद करावा, कडेला विटा उभ्या लावाव्यात, आत वाळू आणि मऊ माती मिसळून भरावी. पहिले आठ-पंधरा दिवस त्यात त्याचा चेंडू, चघळायचे हाड, बिस्किटाचा तुकडा त्याच्यादेखत पुरावा आणि त्याने उकरून काढला की भरभरून शाबासकी द्यावी. दुसरीकडे उकरताना सापडला तर न रागावता हाक मारून हौदाकडे न्यावे. रात्री हौदावर फळी टाकावी, नाही तर आळीतली मांजरे तो आपल्यासाठीच बांधला असे समजतात. फाटकाखालून पलीकडे जाण्यासाठी उकरणाऱ्याला हा उपाय लागू नाही. तिथे कुंपणाच्या बुडाशी जाळी किंवा मोठे दगड पुरावेत, आणि त्याला पलीकडे असे काय खुणावते आहे तेही पाहावे.

खणण्याचा आणि कुत्र्याचा आपल्या प्रांतातला संबंध जुना आहे. १९७४ साली प्रवरेच्या काठी दैमाबाद येथे एका झाडाच्या मुळाशी खणताना ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. गेंडा, हत्ती, रेडा, आणि चौथा बैलांचा रथ. रथात माणूस उभा आहे, आणि त्याच्या पुढे, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला धातू काही फुकट मिळत नसणार. तरी त्याला कुत्र्यावाचून रथ पुरा वाटला नाही.

आता दिवाळीचे. या चार दिवसांत अंगणातल्या कुत्र्यावर दोन संकटे येतात. पहिले मुलांच्या किल्ल्याचे. ताजी ओली माती, तीत पेरलेले अळीव, आणि बुरुजांवर मावळे. असा तयार ढीग समोर आल्यावर कोणते कुत्रे गप्प बसेल? किल्ला शक्यतो ओट्यावर करावा. खालीच करायचा असेल तर किल्ल्यासाठी आणलेल्या मातीतली दोन घमेली हौदात टाकावीत.

दुसरे संकट फटाक्यांचे, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. एरवी शहाणी असलेली कुत्री आवाजाने बिथरून कुंपणाखालची माती उकरतात, नखे रक्ताळेपर्यंत उकरतात, आणि निसटून जिकडे वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी खांबाखांबांवर ‘हरवला आहे’ अशी छायाचित्रे लागतात ती यांचीच. फार घाबरणारे कुत्रे असेल तर औषधासाठी डॉक्टरांना आधी चार दिवस गाठावे. ऐन वेळी दवाखाने बंद असतात. गळपट्ट्यावर आपला फोन क्रमांक लिहावा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चारच्या सुमारास, उजेड आहे तोवर, त्याला लांब फिरवून आणावे, दिवे लागायच्या आत पोटभर जेवू घालावे, आणि मग मधल्या खोलीत, पडदे ओढून, पंखा लावून, घरातले एक माणूस त्याच्याजवळ बसवावे. फाटकाला कडी आहे ना, ते पूजेला बसण्यापूर्वी कुणी तरी जाऊन पाहून यावे.